विहिरीला लागलेली हळद

वाईच्या घाटावर कृष्णा तांबडी झाली की आमच्या नळाला तो वास येतो. ब्लीचिंग पावडरचा. शेजारच्या काकू चहाचा पहिला घोट घेऊन तोंड वाकडं करतात आणि भिंतीपलीकडून मला ऐकवतात, "तुमच्या खात्यानं आज पुन्हा चहा नासवला हो." खातं सोडून मला काही वर्षं झाली, तरी आमच्या गल्लीत नळाच्या पाण्याला जबाबदार मीच. मी माझा चहा मुद्दाम सावकाश पिते. कुणाला मोगरा आवडतो, कुणाला केवडा. मला हा वास आवडतो आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही.

कारण हा वास आला की मला ते दिवस आठवतात. पुराचे नव्हेत, पुरानंतरचे. पुराचे फोटो सगळ्यांकडे असतात. होडीतली म्हातारी, पत्र्यावर बसलेलं कुत्रं, पाण्यात बुडालेली एसटी. पाणी उतरलं की फोटो काढणारे निघून जातात, आणि मग आमचा हंगाम सुरू होतो. शेतकऱ्याचा खरीप आणि रब्बी, तसा नर्सबाईचा हा तिसरा. ह्यात पेरणी दुसरंच कुणीतरी करून गेलेलं असतं. पीक येऊ द्यायचं नाही, एवढंच आपलं काम.

इस्लामपूरच्या पुढं नदीकाठच्या एका गावात मी कितीतरी वर्षं आरोग्यसेविका होते. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या माणसांना आपलं नाव छापून आलेलं फार आवडतं, आणि एकाचं घातलं की सगळ्यांचंच घालावं लागेल. त्या मोठ्या पुराच्या साली पाणी आमच्या उपकेंद्राच्या खिडकीपर्यंत चढलं होतं. ते उतरल्यावर मी दार ढकललं तर ते उघडेना. आतून गाळानं धरून ठेवलं होतं. मी, आमची आशाताई मंदा आणि तिचा नवरा, अशा तिघांनी मिळून खांदा लावला तेव्हा कुठं मी माझ्या दवाखान्यात शिरले.

गाळाचा तो वास अजून नाकात आहे. भिजून आंबलेल्या गव्हाचा, कुजलेल्या उसाचा, मेलेल्या कोंबड्यांचा आणि ओल्या कापसाचा एकत्र वास. घरोघरी गाद्या भिंतीवर टाकलेल्या. विजेच्या तारांना पाचट लोंबत होतं, इतक्या उंचावर की मान वर करून बघावं लागे. शाळेच्या मैदानात पंचनाम्याची रांग, आणि तिच्या शेजारी माझी. माझ्या रांगेत गोळ्या मिळत, त्यामुळं ती लहान. मी गमबूट घालून दारोदार फिरत होते. मंदा पुढं, मी मागं. उंबऱ्यासमोर पावडरीची पांढरी रेघ, साचलेल्या पाण्यात औषध, आणि प्रत्येक घरात तेच तुणतुणं: पाणी उकळा, हात धुवा, अनवाणी चिखलात जाऊ नका. पोरं माझी नक्कल करायची. करू देत म्हटलं, नक्कल करायची तर आधी ऐकावं लागतं.

नर्सबाई म्हणजे सुई टोचणारी बाई, असं लोकांना वाटतं. ही बाई गटारात वाकून का बघते, टाकीच्या शिडीवर का चढते, आपल्या न्हाणीचं पाणी कुठं जातं हे हिला कशाला हवं, असं मला सुरुवातीला पुष्कळ जणांनी विचारलं. मी म्हणायचे, सुई शेवटी येते. आधी पाणी, मग गटार, मग संडास, मग डास, आणि एवढं सगळं फसलं की सुई. माझ्या पेटीतली सुई जितकी कमी निघेल तितकी मी हुशार. हे मी तेव्हाही तोऱ्यात सांगायचे, आताही सांगते.

हे मी नर्सिंगच्या शाळेत शिकले असं म्हणायला हवं, पण खरं म्हणजे ते अब्बांकडून आलं. अब्बा वाईत भांड्यांना कल्हई करायचे. घाटाच्या वरच्या अंगाला भाता मांडून बसायचे. तापलेल्या पातेल्यावर नवसागर टाकला की पांढरा धूर उठायचा आणि आम्हा पोरांच्या नाकात झिणझिण्या यायच्या. बायका पातेली घासूनपुसून आणायच्या आणि म्हणायच्या, "स्वच्छ हायत की, कशाला पैसे घालवायचे?" अब्बा पातेलं उजेडाकडं धरून आत बोट फिरवायचे. "ताई, चमक बाहेरची बघू नका. आतली गेली आहे. ह्यात ताक ठेवलंत तर कळकेल." स्वच्छ दिसणं आणि स्वच्छ असणं ह्या दोन गोष्टी आहेत, हे मला अक्षरओळखीच्या आधी कळलं होतं.

आता विहिरीकडं येते. गावाबाहेर थोड्या उंचवट्यावर पिराचा दर्गा आहे आणि त्याच्या अंगणात एक जुनी, दगडी विहीर. तिला सगळे पिराची विहीर म्हणतात. सगळे म्हणजे सगळेच. उरुसात पहिला नारळ पाटलाच्या घरचा असतो. श्रावण पाळणाऱ्यांची आणि गणपती बसवणाऱ्यांची अडचण नको म्हणून उरूस दोन्ही सरल्यावरच धरायचा, हे कुणा शहाण्या माणसानं कधीकाळी ठरवून ठेवलेलं. त्या साली पूर दर्ग्याच्या खालच्या पायरीपर्यंत आला आणि तिथंच थांबला. विहिरीचा कठडा कोरडा राहिला. गावातले बोअर बुडाले, नळाची टाकी गाळानं भरली, पण पिराची विहीर वाचली, म्हणून सगळं गाव तिच्यावर लोटलं. सकाळी घागरींची रांग दर्ग्याच्या कमानीबाहेर जायची.

पाणी दिसायला निवळशंख. मी ते बाटलीत भरून तपासायला पाठवलं. ते खराब असणार हे मला माहीत होतं, कारण खाली महिनाभर चिखलात मुरलेलं सगळं झिरपून कुठं जाणार? तपासणीनं तेच सांगितलं. पण हे सांगायचं कुणाला? विहिरीला लागून सोनाक्काचं घर. सत्तरी ओलांडलेली, गावातल्या निम्म्या सुनांना स्वयंपाक शिकवलेली बाई. तिनं मला चुलीपाशी बसवून वरणाचं पातेलं उघडून दाखवलं.

"आवं नर्सबाई, बगा की डाळ. लोण्यावानी शिजलीया. ज्या पान्यात डाळ शिजती ते पानी वंगाळ कसं आसंल?"

"आक्का, डाळ शिजते म्हणजे पाणी हलकं. स्वच्छ आहे असं नाही."

"मग तुमच्या टँकरच्या पान्यात का शिजंना? दोन शिट्ट्या जादा घेतीया. आन चव तर आशी, जसा दवाखाना उकळून प्यालोय."

आमच्या भागात पाण्याची परीक्षा अशीच होते. बोअरचं पाणी जड, खारवट. त्यात डाळ कडक राहते, साबणाला फेस येत नाही. ज्यात डाळ मऊ होते ते चांगलं पाणी. पिढ्यानपिढ्या सुना ह्यावर माहेर-सासर तोलत आल्या. ही परीक्षा खोटी नाही. फक्त ती डाळीची परीक्षा आहे, पोटाची नाही. हे मी सोनाक्काला सांगितलं तेव्हा तिनं मला वरण-भात वाढला. मी खाल्ला. फार सुरेख होता, आणि उकळलेला होता म्हणून निश्चिंत मनानं खाल्ला. पण वरण उकळतं, तहान उकळत नाही. गॅसच्या टाक्या पुरात वाहून गेलेल्या, सरपण ओलं. घागरीतून तांब्या बुडवून लोक तसंच पीत होते.

आणि त्या विहिरीचं पाणी रेश्मा पीत होती.

रेश्मा ही मुजावर चाचांची मुलगी. चाचा दर्ग्याची सेवा करायचे, विहीर त्यांच्याच राखणीतली. रेश्मा कराडला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि आठवा लागलेला. पूर आला तेव्हा तिला सासरी परत पाठवायचं ठरलं, पण रस्ते बंद होते, आणि ते सुरू झाले तेव्हा एवढा हादऱ्यांचा प्रवास नको म्हणून ती राहिली. गणपतीच्या सुमारास नदीकाठच्या गल्लीत दोन माणसांचे डोळे पिवळे झाले. मला जे होऊ नये असं वाटत होतं ते सुरू झालं होतं. कावीळ अशीच येते. पूर जातो, माणसं घरं धुतात, दार रंगवायला काढतात, आणि मग ती महिन्याभरानं दारात उभी राहते. बाकीच्यांना ती अंथरुणाला खिळवते. गरोदर बाईला ती झाली तर बघता बघता होत्याचं नव्हतं होतं. मी ते एकदा, नोकरीच्या सुरुवातीला, दुसऱ्या गावात पाहिलं होतं. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

मी चाचांकडं गेले. विहिरीत पावडर टाकायची म्हणाले. चाचांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि टोपी पुन्हा घातली.

"सिस्टर, गावात मारा पावडर. गटारात मारा, माझ्या दारात मारा. हितं न्हाई. हे पिराचं पानी हाय. पुराला बी पिरानं पायरीवर थांबवलं. तुमी तुमच्या डोळ्यानं बगितलंय."

"बघितलंय चाचा."

"मग? पिरावर भरवसा न्हाई व्हय तुमचा?"

हा प्रश्न त्यांनी दुसऱ्या कुठल्या नर्सला विचारला नसता. मी आपली म्हणून विचारला. त्या दिवशी मी रेश्माच्या डोळ्यांचं पांढरं पाहिलं, तिला तिच्यापुरतं पाणी उकळून पी म्हटलं, आणि घरी आले. ती हो म्हणाली, पण म्हणताना तिनं ओल्या सरपणाच्या ढिगाकडं बघितलं, ते मी पाहिलं.

वरच्या कार्यालयातून सोपा सल्ला आला. कठड्यावर लाल रंगानं 'पिण्यास अयोग्य' लिहून टाका, जबाबदारी संपली. सल्ला चुकीचा नव्हता, पण मी रंगाचा डबा उघडला नाही. विहीर रंगवल्यानं तहान थांबत नाही. लोकांनी माझ्या पाठीमागं पाणी भरलं असतं आणि पुन्हा माझं काही ऐकलं नसतं. शिवाय उरूस आठवड्यावर आला होता. अख्ख्या गावाचं जेवण त्याच पाण्यात शिजणार, आणि जेवणावर सगळे तेच पाणी पिणार. मला झोप लागायची नाही. मी रागानं इतकी भांडी घासली की मंदा म्हणाली, "बाई, आता ताटाला भोक पडंल."

उरुसाच्या आधी दर्ग्याच्या कोठीतल्या डेगी बाहेर निघतात. मोठाल्या तांब्याच्या, एकेकीत माणूस बसेल अशा. त्या दिवशी मी रेश्माला तपासायला गेले, तर अंगणात भाता मांडलेला. इस्लामपूरचा कल्हईवाला बसला होता. त्यानं नवसागर टाकला, पांढरा धूर उठला, आणि नाकात त्याच झिणझिण्या आल्या. मी तिथंच उभी राहिले. चाचा डेगीत वाकून बघत होते. बाहेरून डेग चिंचेनं घासलेली, लखलखीत.

"चाचा," मी म्हटलं, "चांगली तर दिसते. कल्हई कशाला?"

"आतली गेलीया. जेवान कळकंल."

"खाताना कळतं का?"

"न्हाई कळत. मागनं कळतं. गाव आडवं झाल्यावर." ते डेगीतून वर झाले. माझ्याकडं बघितलं. "तुमी कल्हईवाल्याची पोरगी न्हवं?"

"हो."

ते पुन्हा डेगीकडं वळले. त्या क्षणी तोंड बंद ठेवणं हे माझ्या सगळ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम होतं, आणि मी ते केलं ह्याचा मला आजही अभिमान आहे. कल्हईवाल्यानं कथील फिरवलं, कापसाचा बोळा आतून गोल गोल गेला, आणि डेग आतून चंद्रासारखी पांढरी झाली. आत घरात रेश्मा खोकली. चाचांनी तिकडं मान वळवली आणि तशीच ठेवली.

"संदलच्या आदी मजारीला आपन गुस्ल देतो," ते म्हणाले. गुस्ल म्हणजे अंघोळ. संदलच्या, म्हणजे चंदन चढवायच्या आधी मजार, पिराची कबर, धुतात. "पिराला आंगूळ घालायची, आन पिराच्या विहिरीला न्हाई, हे काय खरं न्हाई."

"नाही," मी म्हटलं.

"पर मी घालनार. माझ्या हातानं. तुमी नुस्तं सांगायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या घागरी बाजूला ठेवल्या गेल्या. मी बादलीत पावडर कालवून दिली, गाळ खाली बसू दिला. चाचांनी नमाजाआधी करतात तसा हातपाय-तोंड धुऊन वजू केला, स्वच्छ कुडता घातला, आणि वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतून ती दोराला बांधली. बिस्मिल्लाह म्हणून त्यांनी ती पाण्यात बुडवली आणि अशी हलवली की सगळीकडं पसरावी. पाटलाच्या घरचे उभे होते, मशिदीतले उभे होते, बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. वास उठला. कुणी नाक मुरडलं, पण बोललं कुणी नाही, कारण ती आता पावडर नव्हती.

मग वाट बघणं आलं. पावडरीला तिचं काम करायला वेळ द्यावा लागतो. सगळे दर्ग्याच्या पायऱ्यांवर बसून राहिले. वेळ झाल्यावर मी पोहऱ्यानं पाणी काढलं, काचेच्या नळीत घेतलं आणि तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. पाण्यात क्लोरीन उरलं असेल तर त्या थेंबांनी ते पिवळं होतं, नसेल तर जसंच्या तसं राहतं. मी नळी उजेडाकडं धरली. अब्बा पातेलं धरायचे तशी. पाणी पिवळं झालं.

सोनाक्का पुढं आली. नळी माझ्या हातातून घेतली, डोळ्यांजवळ नेली. तिच्या शेतात आयुष्यभर हळद पिकलेली. तिच्या नखांतून तो रंग कधी जात नसे.

"आगं बया," ती म्हणाली, "हळद लागली की विहिरीला."

बायका हसल्या. एकीनं दुसरीला कोपर मारलं. हळद आमच्याकडं दोन्ही घरांत लागते, त्यांच्या लग्नात आणि आमच्याही, त्यामुळं कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. हळद लागल्याशिवाय काही शुभ होत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. क्लोरीन, जंतू, काविळीचा विषाणू हे मी महिनाभर कंठ फोडून सांगत होते. सोनाक्कानं ते एका वाक्यात मिटवलं. संध्याकाळी तिनं त्या पाण्यात डाळ लावली आणि मला मुद्दाम बोलावून दाखवली. मऊ शिजली होती. "शिजती," ती म्हणाली, "वास जातोय उकळीला. मग ठीक हाय." तिची परीक्षा तिनं सोडली नाही, आणि सोडावी असं मलाही वाटलं नाही.

त्यानंतर गावात तो शब्दच झाला. नळावर, टँकरपाशी, शाळेच्या टाकीपाशी बायका मंदाला विचारायच्या, "हळद लागलीया न्हवं?" मंदा नळी दाखवायची आणि मगच घागरी पुढं सरकायच्या. पिवळं झालं नाही तर त्याच बायका ग्रामपंचायतीवर जाऊन उभ्या राहायच्या. मी तिथं जायची गरज राहिली नाही. दुसऱ्या कुणाला ह्याचं वाईट वाटलं असतं. मी मात्र त्या दुपारी उपकेंद्राच्या पायरीवर बसून शांतपणे शेंगा खाल्ल्या.

उरूस झाला. नव्या कल्हईच्या डेगींत रस्सा शिजला, पंगती उठल्या, मीही जेवले. जेवले खरी, पण नंतर कित्येक दिवस मी कुणाशीही बोलताना त्याच्या डोळ्यांच्या पांढऱ्याकडं बघत असे. बाजारात, एसटीत, लग्नाच्या मांडवात. लोकांना वाटलं नर्सबाई आजकाल फार टक लावून बघते. नदीकाठच्या गल्लीत जे आधी आजारी पडले होते ते हळूहळू बरे झाले. विहिरीवर पाणी भरणाऱ्यांपैकी कुणाचे डोळे पिवळे झाले नाहीत. रेश्माचेही नाहीत. तिला कळा सुरू झाल्या तेव्हा रस्ता सुकला होता. इस्लामपूरच्या दवाखान्यात मुलगी झाली. चाचांनी साखर वाटली, माझ्या हातावर दोन मुठी.

जे घडलं नाही त्याची बातमी होत नाही. अमक्या गावात कावीळ आली नाही, असं कुठं छापून येतं? पूल बांधणाऱ्याला निदान पूल दाखवता येतो. आमच्या कामाची खूण म्हणजे रिकामी खाट. म्हणून आम्हाला कुणी फारसं ओळखत नाही आणि म्हणूनच आमच्यातल्या पुष्कळ जणी निवृत्त होताना उगाच दबक्या आवाजात बोलतात, काही विशेष केलं नाही म्हणतात. मी म्हणत नाही. मी म्हणते, मी विहीर राखली. माझ्याबरोबर मंदानं राखली, चाचांनी राखली, सोनाक्कानं तर नाव ठेवून राखली. सोनाक्का आता नाही. तिचा शब्द आहे.

काल दुपारी फोन वाजला. चाचांचा नंबर, आणि ह्या वेळी चेहरा दिसणारा फोन. पण पडद्यावर चाचा नव्हते. दोन वेण्या घातलेली, पुढचा दात पडलेली मुलगी होती. रेश्माची. सुट्टीला आजोळी आलेली. चाचांना ती नाना म्हणते.

"नर्सआजी, उरूस आलाय. नानांना मोतीबिंदू झालाय, पिवळं दिसत न्हाई. म्हनून मी बगते." तिनं काचेची नळी फोनसमोर धरली. मागं दगडी कठडा दिसत होता, आणि घागर घेऊन थांबलेली रेश्मा. "लागली ना हळद?"

मी चष्मा लावला. फोन खिडकीपाशी नेला.

"लागली आहे, पण फिकी आहे गं. अजून थोडी पावडर लागेल."

तिकडं एकदम हसणं उठलं. मुलगी मागं वळून ओरडली, "नाना, तुमी म्हनला तसंच म्हनल्या."

चाचांचा आवाज लांबून आला, म्हातारा झालेला, पण तोच. "दुसरी बादली कालवून ठिवलीया, सिस्टर. तुमी म्हनल्याबिगर वतायची न्हाई, म्हटलं."

काही वेळानं पुन्हा फोन आला. पुन्हा नळी, पुन्हा तो पडलेला दात. रेश्मा अजून तिथंच होती, घागर रिकामीच, कमरेवरून खाली ठेवलेली.

"आता?" मुलीनं विचारलं.

"आता भरू दे तुझ्या आईला," मी म्हणाले.